न कोसळलेल्या दरडीचा सत्कार

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. आप्पासाहेब धर्माधिकारींना तो सन्मान मिळताना पाहायला लाखो श्रीसदस्य आले होते. त्यातले बरेच आदल्या रात्रीच येऊन थांबलेले. व्यासपीठावर छप्पर होतं, समोरच्या गर्दीवर नव्हतं. जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता आणि वर कोकणातली चिकट, दमट हवा. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. उष्माघातानं १४ माणसं गेली.

त्यानंतर तीन महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, त्याच रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यातली ही ठाकरांची वाडी. वस्ती सव्वादोनशेच्या आसपास. वर जायला रस्ता नाही, फक्त पायवाट. त्यामुळे मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत, माणसांनी कुदळ-फावड्यानं चिखल उपसला. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. त्या आठवड्यात मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. सभागृहाला सांगण्यात आलं, की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

या दोन घटना बातम्यांत वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या. एक ‘आयोजनातली त्रुटी’, दुसरी ‘निसर्गाचा कोप’. मला मात्र त्या एकाच प्रश्नाची दोन टोकं वाटतात. आमदारांचे कार्यअहवाल तुम्हीही पाहिले असतील, हल्ली ते व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येतात. त्यात एक पान पर्यावरणाचं असतं, वृक्षारोपणाच्या फोटोंसह. एक पान सुरक्षेचं असतं, सीसीटीव्ही आणि हायमास्ट दिव्यांचं. आणि मग पुढची वीस पानं सत्कारांची असतात: दहावी-बारावीचे गुणवंत, ज्येष्ठ नागरिक, आशाताई, कबड्डीपटू, अमुक समाजाचा मेळावा, तमुक समाजभवनाचं भूमिपूजन. हवामान, सुरक्षितता, सन्मान ही तीन स्वतंत्र कामं आहेत असं त्या अहवालाची मांडणी सांगते. खारघरच्या मैदानावर ती तिन्ही एकाच दुपारी एकत्र आली आणि त्यातल्या एकाचंच नियोजन झालेलं होतं.

सत्काराला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्यासारखे फोनवर निबंध वाचणारे लोक शाल-श्रीफळ म्हटलं की हसतात. त्या हसण्यात थोडा उद्धटपणा आहे, असं मला वाटतं. ज्या घरातलं कुणी कधी कुठल्या स्टेजवर चढलेलं नाही, त्या घरातल्या पोरीला आमदाराच्या हातून ट्रॉफी मिळते, तिचा बाप तो फोटो लॅमिनेट करून भिंतीवर लावतो, तेव्हा तिथं काहीतरी खरं घडलेलं असतं. तुम्ही आहात, आम्हाला दिसता, एवढं कुणीतरी जाहीरपणे म्हटलेलं असतं. खारघरला आलेले लोकही याच भावनेनं आले होते. ज्यांनी आपलं दारू सोडवलं, घर सावरलं असं ते मानतात, त्या माणसाचा गौरव म्हणजे त्यांचा स्वतःचा गौरव होता. त्या भावनेत चूक काही नव्हतं.

आणि दखल घेणं हे विधिमंडळाचं काम नाही, असंही म्हणता येत नाही. याच जिल्ह्याचा इतिहास उलटं सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी पैशानं बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचं कागदावर लिहूनही टाकलं. पण पाण्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचंही तेच. दोन्ही सभागृहांचा ठराव २७ जुलै १९७८ चा, आणि प्रत्यक्ष नाव आलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या वर्षांत किती दलितांची घरं जळली, हे आपल्याला माहीत आहे.

मग बोल्यांचा ठराव आणि आजचं शाल-श्रीफळ यांत फरक काय? दोन्हीकडे एका समूहाला तुम्ही आहात असं सांगितलं जातं. फरक किमतीचा आहे. ठरावानं कुणाला तरी काहीतरी सोडायला लागणार होतं: तळ्यावरची मक्तेदारी, सवयीचा वरचष्मा. म्हणून तर विरोध झाला. सत्कारात कुणालाच काही सोडावं लागत नाही. देणाऱ्याचाही फायदा, घेणाऱ्याचाही आनंद, मंडपवाल्याचा धंदा. ज्या सन्मानाची किंमत कुणीच मोजत नाही, त्याचा पुरवठा अमर्याद असतो. खर्च होतो तो फक्त वेळ. आमदाराचा वेळ, यंत्रणेचा वेळ, आपलं लक्ष. आणि हा वेळ कुठून तरी काढलेला असतो.

माझा एक मित्र एका आमदारांच्या कार्यालयात काम करतो. आमदार कुठले, पक्ष कुठला, याला इथं महत्त्व नाही. त्याला मी विचारलं, “दरडीच्या गावांची यादी तुमच्याकडे असते का रे?”

“असते ना. तहसील कचेरीतून येते. मीच फाईलला लावतो.”

“मग साहेब बघतात?”

“अगं, साहेबांच्या डायरीत आज काय होतं सांगू? तीन लग्नं, एक साखरपुडा, दोन दहावे, क्रिकेटचं बक्षीस आणि एका दुकानाचं उद्घाटन. दहाव्याला गेलो नाही तर ते घर पाच वर्षं लक्षात ठेवतं. दरडीच्या मीटिंगला गेलो नाही तर कुणाला कळतं?”

त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही, अजूनही येत नाही. कारण ते आमदाराबद्दल नव्हतंच, आपल्याबद्दल होतं. २००६ मध्ये हरियाणात एक मुलगा बोअरवेलमध्ये पडला होता. जवळपास दोन दिवस सगळा देश टीव्हीसमोर बसला, लष्कर आलं, मुलगा वाचला, देशभर आनंद झाला. पण कुठल्या तरी तहसीलदारानं गुपचूप तालुक्यातल्या सगळ्या उघड्या बोअरवेलवर झाकणं बसवली असती, तर त्यानं कदाचित पाच मुलं वाचवली असती. ती पाच मुलं कोण, हे त्यालाही कळलं नसतं, मुलांनाही नाही, त्यांच्या आयांनाही नाही. ती मुलं संध्याकाळी नेहमीसारखी घरी आली असती आणि अभ्यास करत नाहीत म्हणून ओरडा खाल्ला असता. त्या तहसीलदाराचे आभार कोण मानणार, आणि कशाबद्दल?

विधानसभेत तारांकित प्रश्न विचारतात, त्यांच्या छापील उत्तरांची एक ठरलेली भाषा असते. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘प्रश्न उद्भवत नाही’. कुणी आमदारानं विचारलं, की यंदाच्या पावसाळ्यात माझ्या मतदारसंघात किती माणसं दरडीखाली गेली नाहीत, तर त्याला हेच उत्तर मिळेल. आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही असेल.

आता कुणी म्हणेल, पाऊस आमदाराच्या हातात असतो का? नसतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. सावित्री तिथूनच महाडला येते. एवढं पाणी कुठलाही ठराव अडवू शकत नाही. आपल्याकडे यासाठी ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ असे दोन जुने शब्द आहेत. आभाळातून आलेलं संकट वेगळं, राजवटीनं आणलेलं वेगळं. पहिल्याला नशीब म्हणायचं, दुसऱ्याविरुद्ध दाद मागायची. ही विभागणी फार सोयीची होती. पण आता आभाळ तापवणारेही आपणच आहोत, तेव्हा अस्मानीतलाही काही हिस्सा सुलतानी झाला आहे. राज्यानं आपल्या पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले, म्हणजे हे सरकारदरबारीही मान्य आहे. शिवाय एकाच प्रकारचं संकट पुन्हा पुन्हा आलं, की ते अस्मानी राहतच नाही. महाड तालुक्यातच जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या होत्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, १५१ माणसांसकट. रोजच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, म्हणून ते बाहेर कळलं. मग तळिये. मग इर्शाळवाडी. पहिल्या वेळी ‘कुणाला ठाऊक होतं’ हे उत्तर चालतं. चौथ्या वेळी ते उत्तर कसं चालेल?

एक आमदार काय करू शकतो, याची यादी फार मोठी नाही, पण रिकामीही नाही. लक्षवेधी मांडता येते. अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे बघायला आश्वासन समिती असते, तिचा पिच्छा पुरवता येतो. ही समिती बहुतेकांना ठाऊकही नसते, तिच्या बैठकीचा फोटो कुणी टाकत नाही. अशासकीय विधेयक मांडता येतं. ते बहुधा मंजूर होत नाही, पण सरकारला उत्तर द्यावं लागतं. भूवैज्ञानिकांचा अहवाल आला असेल तर तो कुठल्या टेबलावर अडकलाय ते विचारता येतं. मतदारसंघासाठी वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. यातलं काहीही केलं तरी बॅनरवर लिहिण्यासारखं फारसं निघत नाही.

तरीही असं काम झालेलं आहे, आणि मोठं झालेलं आहे. वि. स. पागे हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? १९६० ते १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. मंत्री नव्हे, सभापती. दुष्काळात खडी फोडायला सरकारी कामं काढायची आणि पाऊस पडला की बंद करायची, ही जुनी रीत. पाग्यांचा आग्रह असा, की मागेल त्याला काम हा हक्क असला पाहिजे, मेहरबानी नको. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या भयंकर दुष्काळात तिच्यामागच्या विचाराचा कस लागला, १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे सगळ्या देशानं मनरेगा आणली, तिचं मूळ इथं आहे.

या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पैशांचा आहे. या योजनेसाठी शहरातल्या कमावत्या लोकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप उघडून बघा, ‘पीटी’ म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. पहिल्या नोकरीत मला वाटायचं की हे काहीतरी कंपनीचं आहे. ती वजावट म्हणजे मुंबईच्या कारकुनानं माणच्या शेतमजुराची घेतलेली दखल होती. तिच्यासाठी कुणी शाल घातली नाही, पण कुणीतरी किंमत मोजली. ज्यांना त्यामुळे गाव सोडावं लागलं नाही, ज्यांची पोरं उपाशी राहिली नाहीत, त्यांच्या घरात पाग्यांचा फोटो असेल असं मला वाटत नाही. माझ्या पाहण्यात तरी नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते: आमदारानं सत्कार कमी करावेत, याद्या वाचाव्यात. पण मला अडवणारा प्रश्न याच्या पुढचा आहे. समजा, एका आमदारानं खरंच ठरवलं. यादी घेतली, यादीत नसलेल्या वाड्याही शोधल्या, भूवैज्ञानिक नेले. अहवाल आला की अशा वीस वाड्या धोक्यात आहेत. पुढच्या पन्नास वर्षांत यातल्या एखाद-दोन कोसळतील, कोणत्या ते सांगता येत नाही. मग काय करायचं? वीसही खाली आणायच्या? म्हणजे ज्या अठरा वाड्यांवर कधीच काही होणार नव्हतं, त्यांचं रान, त्यांची वरईची वावरं, त्यांचा देव, त्यांच्या वाटा हे सगळं दोन वाड्यांसाठी हिरावून घ्यायचं. खाली सपाटीवर ओळीनं बांधलेल्या खोल्या मिळतील, पण गुरं कुठं बांधायची? वनहक्काचा दावा लावलेली जागा वर, माणूस खाली, मग तो दावा कोण सांभाळणार? आणि डोंगर नाहीच कोसळला तर ती माणसं आयुष्यभर म्हणतील, आमदारानं आम्हाला उगाच उठवलं. त्यांचं ते म्हणणं खोटंही नसेल.

नैतिकदृष्ट्या ही फार विचित्र जागा आहे. ज्याला वाचवलं त्याच्या दृष्टीनं तुम्ही त्याचं नुकसानच केलेलं असतं, कारण वाचलेला जीव त्याला दिसत नाही, गेलेलं घर दिसतं. काही न करणाऱ्याला मात्र कुणी जाब विचारत नाही. कोसळलीच दरड, तर तो सगळ्यात आधी पोचतो, चिखलात उभा राहतो, रडणाऱ्यांना धीर देतो, मदत मिळवून देतो, सभागृहात शोकप्रस्तावावर गहिवरून बोलतो. हे सगळं ढोंग असतं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी ते दुःख खरंच असतं. पण लोकांच्या हिशोबात जमा होतं ते हेच.

मला वाटतं, वीस वाड्यांच्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर मिळणार नाही. दोन विरुद्ध अठरा असं गणित मांडलं की आपण पुन्हा त्या लोकांना यादीतल्या ओळी करून टाकतो. निर्णय त्यांच्या वतीनं घ्यायचा नाही, त्यांच्यासोबत घ्यायचा असेल, तर त्यांना सगळं खरं सांगावं लागेल: डोंगराला भेग कुठं आहे, ती दर पावसाळ्यात वाढतेय का, किती पाऊस झाला की रात्र शाळेत काढायची, कायमचं खाली यायचं ठरलं तर गुरांचं आणि वनहक्काचं काय, आणि यातली कुठली गोष्ट आम्ही कागदावर लिहून देऊ. शंका आहे तिथं शंका आहे असंही सांगावं लागेल. मग एखादी वाडी म्हणेल, नाही येत आम्ही. त्यांचं ऐकून घ्यावं लागेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागेल. माझ्या मते बोल्यांच्या ठरावाच्या जातीची दखल ती ही. तिला स्टेज लागत नाही, पण ज्याला दखल घ्यायची आहे त्याला तासभर डोंगर चढावा लागतो, शिव्या ऐकाव्या लागतात, आणि नंतर मंत्रालयात जाऊन त्या कागदासाठी भांडावं लागतं.

खारघरनंतर सरकारनं जाहीर केलं, की उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत. चांगला निर्णय होता. १४ माणसं जाण्याआधीच्या उन्हाळ्यातही तो तितकाच चांगला ठरला असता. तेव्हा एखाद्या आमदारानं तशी मागणी केली असती तर आपण काय म्हटलं असतं, याचा मी कधी कधी विचार करते. ‘एवढ्या उन्हाला काय घाबरायचं’, ‘भक्तांच्या श्रद्धेत लुडबूड’, ‘प्रसिद्धीसाठी काहीही’. असे मीम्स तर अर्ध्या तासात आले असते. मीही एखादा पुढे ढकलला असता बहुतेक.

मित्राला मी नंतर एकदा विचारलं, की वाड्यांवर जायचंच ठरवलं तर कधी जावं लागेल. त्यानं जरा विचार केला. जूनमध्ये पाऊस लागला की चढता येत नाही आणि सांगून उपयोगही नसतो, तोवर उशीर झालेला असतो. दिवाळीनंतर हिवाळी अधिवेशन, नागपूर. मग जिल्हा परिषदा, नगरपालिका, काही ना काही निवडणूक असतेच. म्हणजे उरले एप्रिल आणि मे. वाट कोरडी असते, माणसं घरी असतात, पावसाच्या आधी काही करायला महिनाभर हातात असतो.

“पण तेव्हा लगीनसराई असते,” तो म्हणाला. “रोजची सात-आठ लग्नं.”